फुगत गेलेली फाईल

“नवी इमेज बनवलीस की आधी तिचं वजन बघ. मगच मशीन बंद कर. घाई करशील आणि फसशील.”

चिमीला हे शिकवणारे सर आता या जगात नाहीत. पण ती मशीनपुढे बसली की त्यांचा आवाज कानात येतोच. आधी घसा खाकरल्याचा, मग बोलण्याचा.

पुढे लिहिलंय ते घडलेलं आहे. त्यात पदरचं काही घातलेलं नाही. चिमी माझ्या नात्यातली. तिने समोर बसून सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता मध्येच उठून साबणाने हात धुऊन आली.

दोनदा.

भयकथा म्हटली की लोक रात्र धरून चालतात. ही सोमवारची भर दुपार होती. बाहेर रस्ता गाड्यांनी भरलेला, समोरच्या दुकानात शटर रंगवायचं काम चाललेलं. ऊन इतकं की सावल्या भिंतीला चिकटून बसलेल्या.

नाव चिमी असलं तरी बाई अंगापिंडाने दणकट. लहानपणी काडीसारखी होती म्हणून आत्याने ठेवलेलं नाव. चिकटलं ते चिकटलंच. आई लहानपणीच गेल्यामुळे तिचं सगळं केलं ते या आत्यानेच.

चिमी एका लॅबमध्ये कॉम्प्युटर सांभाळते. ऑपरेशनमध्ये काढलेले मांसाचे तुकडे तिथे तपासायला येतात. बरणीत, औषधी पाण्यात बुडवलेले. दारापाशी नंबरांच्या स्टिकरची गुंडाळी टांगलेली असते. बरणी आली की एक स्टिकर फाडून तिच्यावर चिकटवायचा. मग तुकड्याचा पातळ काप काचेवर घ्यायचा, काचेचा मोठा फोटो मशीनवर चढवायचा. तो फोटो दुसऱ्या शहरातले डॉक्टर बघतात आणि रिपोर्ट पाठवतात.

नंबर नसेल तर मशीन काहीच घेत नाही. लॅबचा नियमच तसा.

त्या दिवशी मशीन सुरूच होत नव्हतं.

आणि त्या दिवशी, नेमकी, आत्याची बरणी लॅबमध्ये होती.

आत्याच्या घोट्यावर गाठ आली होती, आणि तिचाच छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला होता. ताप उतरत नव्हता. सर्जननी स्पष्ट सांगितलं होतं. “चारला ऑपरेशन. साधा पू असेल तर साफ करून टाके घालीन. वाईट निघालं तर पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. तोवर रिपोर्ट आला नाही तर मी धोका घेणार नाही. पाय काढीन.”

आत्याचा फोन आला.

“चिमे, ठेवतायत की कापतायत ते जरा लवकर कळव गं. परवाच नव्या चपला घेतल्यात मी.”

“ठेवतायत,” चिमी म्हणाली. “मी आहे ना.”

फोन ठेवला तेव्हा साडेबारा होत आले होते.

मशीनची खोली म्हणजे एक बोळच. एका बाजूला तुकडे कापायची खोली, दुसऱ्या बाजूला धुवायची मोरी. जागा नाही म्हणून मशीनच्या मागच्या मांडण्यांवर जुन्या बरण्या रचलेल्या. त्यांच्यातल्या औषधाचा वास डोळ्यांना झोंबतो. चिमीला त्याची सवय आहे. तिथेच बसून ती डबा खाते.

पण त्या दिवशी दार उघडल्यावर...

तो वास नव्हता.

हा गोडसर होता. बंद पडलेला फ्रीज चार दिवसांनी उघडावा तसा. घशात जाऊन बसणारा.

“मामा, काय सांडलंय इथे?” तिने मोरीकडे पाहून विचारलं.

मामा म्हणजे लॅबचे जुने शिपाई. बरण्या धुणं, मांडणं त्यांच्याकडे. तोंडाला लगाम नाही.

“आम्ही नाही काही सांडलं, ताई. तुमच्या यंत्रालाच बद्धकोष्ठ झालंय. सकाळपासून कुंथतंय, बाहेर काही येत नाही.”

“शी! तुमचं तोंड म्हणजे ना!”

स्क्रीनवर दोनच ओळी होत्या. इमेज मेमरीत घेतोय, अशी पहिली. मेमरी पुरत नाही, अशी दुसरी. आणि पुढे सगळं ठप्प.

कॉम्प्युटरचं ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी चिमीने मला सांगितलं तसं सांगते. मशीन झोपेतून उठतं तेव्हा त्याला स्वतःची मोठी कपाटंही उघडता येत नाहीत. कपाटांच्या किल्ल्या एका छोट्या गाठोड्यात असतात. ते गाठोडं आधी मेमरीत घ्यायचं, किल्ल्या काढायच्या, मग कपाटं उघडायची. या गाठोड्याला इमेज म्हणतात. ते लहानच असावं लागतं. फार जड झालं की मशीनला उचलत नाही.

शनिवारी मशीनने आपोआप नवं गाठोडं बांधलं होतं. सोमवारी सकाळी वीज जाऊन आली, मशीन पुन्हा उठायला गेलं, आणि अडकलं.

हा काही जगावेगळा आजार नव्हे. मशीनचे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, बिनकामाचे भरले जातात, गाठोडं फुगतं. चिमीने असली मशीनं कितीदा उठवली होती. पेनड्राईव्हवरून मशीन चालू केलं, आत शिरली, आणि इमेजचं वजन बघितलं.

एरवी साठ एमबी असायची.

आता तीन जीबीच्या वर होती.

तिने चष्मा पुसून परत बघितलं. कारण ज्या कप्प्यात ती फाईल ठेवलेली होती, तो अख्खा कप्पाच एक जीबीचा होता.

भांडं एक लिटरचं, आणि आत दूध तीन लिटर.

कधी कधी मशीन असं खोटंच दाखवतं. तिने तेही तपासलं. खोटं नव्हतं.

“झालं का गं?” मॅडम दारात आल्या. लॅब त्याच चालवतात. नाकाला रुमाल.

“होईल. अर्धा तास द्या.”

“तुझ्याच आत्याचं अडलंय म्हणून म्हटलं. आणि हा वास कसला? डबा विसरलीस का कुठे?”

चिमी परत कीबोर्डकडे वळली. जुन्या इमेज काढून टाकल्या. फक्त लागतील तेवढेच ड्रायव्हर घे, असं मशीनला बजावलं. जास्त दाबून बांध म्हणून सांगितलं. आणि नवं गाठोडं बांधायला लावलं.

मशीनमधला पंखा घरघरायला लागला. छातीत कफ भरलेल्या माणसाने श्वास घ्यावा तसा.

घर्र... घर्र...

आणि मग मागून, मांडणीकडून...

पचक्.

ओलं फडकं फरशीवर पडावं तसा आवाज.

तिने वळून बघितलं. फरशी कोरडी होती. बरण्या जागच्या जागी.

गाठोडं बांधून झालं. तिने वजन बघितलं.

पाच जीबी.

कमी करायला गेली, तर वाढलं होतं.

सव्वा वाजला. चिमीच्या तोंडाला पाणी सुटलं. भुकेने नव्हे, उलटी येण्याआधी सुटतं तसं. तिने देवाचं नाव घेतलं आणि गाठोडं उकलून आत काय काय आहे ते बघायचं ठरवलं.

यादी सरकायला लागली. ड्रायव्हर, किल्ल्या, नेहमीच्या फाईली.

आणि सगळ्यात खाली...

नाव नसलेला एक फोल्डर.

आत फोटो. शेकडो.

तिने पहिला उघडला. पांढरा ट्रे. ट्रेमध्ये पिवळट गुलाबी मांसाचा गोळा, शेजारी मोजपट्टी. लॅबमध्ये काढतात तसाच फोटो. गोळा लिंबाएवढा.

दुसरा फोटो. तोच ट्रे, तोच गोळा. मोसंब्याएवढा.

दहावा फोटो. ट्रे भरलेला. मोजपट्टी गोळ्याखाली दबून अर्धीच दिसत होती.

ती पुढे पुढे जात राहिली. हात थांबत नव्हता. गोळा ट्रेच्या कडांवरून ओघळला होता. त्याच्यावर केस उगवले होते. काळे, ओले, विंचरल्यासारखे एका बाजूला वळलेले. एका फोटोत केसांच्या मुळाशी पांढरं काहीतरी चमकलं.

दात होता.

चिमीने हात झटकन मागे घेतला, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. बोटं चिकट झाली होती. कीबोर्डवर थर होता. पिवळा, मऊ, थिजलेल्या चरबीसारखा. बटणांच्या फटींतून तो वर येत होता.

तिने ओढणीने बोटं पुसली. पुसली गेली नाहीत. वास नुसता पसरला.

शेवटचा फोटो उघडायचाच नव्हता तिला.

तो आपोआप उघडला.

त्यात ट्रे नव्हता...

एक बोळासारखी खोली होती. टेबल. टेबलापुढे पाठमोरी बसलेली दणकट बाई, खांद्यावर तीच ओढणी. आणि तिच्या पाठीमागे, खुर्चीला अगदी टेकून...

चिमी किंचाळली नाही. मागेही वळली नाही. “वळले असते तर मेले असते,” एवढंच ती मला म्हणाली. खुर्चीच्या पाठीला काहीतरी गरम आणि ओलं टेकलेलं तिला कापडातून जाणवत होतं. ते हळूहळू वर खाली होत होतं.

पंख्याच्या ठेक्यात.

मग पंखा थांबला.

मोरीतला नळ थांबला. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाजही थांबला. काहीच ऐकू येईना.

“ताई, चहा घेणार का?” दारात मामा.

एकदम सगळे आवाज परत आले. पाठीमागचं ओझं नाहीसं झालं. स्क्रीनवर परत ट्रेमधल्या गोळ्याचा फोटो आला होता. मामांनी कप टेबलावर ठेवला, स्क्रीनकडे बघितलं, आणि त्यांचा चेहराच बदलला.

“हे... हे परत कुठून आलं?”

“परत म्हणजे? मामा, हे काय आहे?”

तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनीही फोटो बघितला आणि नाक मुरडलं.

“अगं, ही ती बिननंबरी बरणी, तू यायच्या आधीची. सहा वर्षं झाली. तुझ्या सरांनी फोटो काढून ठेवले होते तेव्हा. मला वाटलं कधीच पुसले असतील.”

“बिननंबरी का?”

“स्टिकर न लावता कोणीतरी ठेवून दिली. वरची चिठ्ठी औषधात पडून विरघळली. नंबर नाही तर मशीन घेईना. सर म्हणाले, बघू नंतर. आपल्याकडे कामं काय कमी असतात?”

“आणि जिची होती ती बाई?”

“यायची ना. बाहेरच्या बाकावर बसून राहायची. एकेक दिवस अख्खा. आम्ही सांगायचो, उद्या या, मशीन बंद आहे. मग यायची बंद झाली.” मॅडमनी खांदे उडवले. “कंटाळतात लोक.”

“कंटाळली नाही ती,” मामा खाली बघत म्हणाले. “वारली. तिचा मुलगा आला होता विचारायला. इस्त्रीवाला आहे, पुलाखालच्या गल्लीत. त्यालाही तेच सांगितलं आपण.”

“काय?”

“मशीन बंद आहे.”

चिमी सांगते, त्या क्षणी तिला गोळ्याची जेवढी किळस आली नव्हती तेवढी त्या चहाची आली. ज्या हातांनी तो आणला त्यांची आली. मॅडमच्या सेंट मारलेल्या रुमालाची आली. आणि आपण रोज इथेच बसून डबा खातो, त्याची.

“बरणी कुठे आहे?” तिने विचारलं.

“अगं, टाकली असेल कधीच...”

“टाकलेली नाही,” मामा म्हणाले. “मागे आहे. खालच्या मांडणीवर. मी हात लावत नाही तिला.”

दोन वाजत आले होते. आत्याचे दोन फोन येऊन गेले होते.

चिमी गुडघ्यांवर बसली. पुढच्या बरण्या एकेक करून बाजूला केल्या. सगळ्यात मागे, कोपऱ्यात, एक बरणी होती. झाकण फुगून वर आलेलं. काचेवरून तपकिरी ओघळ येऊन फळीवर सुकलेले, आणि त्यावर नवे, ओले. आत औषध उरलेलंच नव्हतं. बरणी कडेपासून कडेपर्यंत भरलेली होती. काचेला आतून केस चिकटले होते.

“सरांनी फोटो काढला तेव्हा केवढा होता तुकडा?” तिने न वळता विचारलं.

“लिंबाएवढा,” मामा म्हणाले, आणि मोरीकडे पळाले. ओकल्याचा आवाज आला.

मॅडम दारातूनच ओरडल्या, “हात लावू नकोस त्याला! मी माणूस बोलावते, बाहेर फेकून देऊ. तू आधी मशीन बघ!”

चिमी उठली. दारापाशी गेली. टांगलेल्या गुंडाळीचा पुढचा स्टिकर फाडला.

“चिमी, तो नंबर वाया जाईल! मी वरच्यांना काय सांगू?”

“वाया कसा जाईल, मॅडम? बरणी आहे ना.”

ती परत गुडघ्यांवर बसली. हातमोजे घातले नव्हते. घालायला हवे होते, हे तिला नंतर सुचलं. डाव्या हाताने बरणी धरली. काच कोमट होती. बोटांखाली काहीतरी सरकलं, आतून, जणू कोणी कूस बदलली. हातावरून ओघळ मनगटापर्यंत आला. तिने श्वास रोखला, ओढणीने एक जागा पुसली, आणि नंबर चिकटवला.

मग तिने तोंड अगदी जवळ नेलं. एवढ्या जवळ की वासाने डोळ्यांत पाणी आलं. आणि हळू आवाजात म्हणाली,

“बाई, आज माझ्या आत्याचं होऊ दे. तिचा पाय जाईल. तुझा रिपोर्ट मी काढीन आणि तुझ्या लेकाच्या हातात देईन. शब्द देते.”

काही झालं नाही.

पाल चुकचुकली नाही की वारा सुटला नाही. नुसती शांतता.

ती मशीनपाशी आली. चिकट बटणांवर बोटं ठेवली आणि पुन्हा गाठोडं बांधायला लावलं. बांधून झाल्यावर वजन बघायला तिला धीर होईना. एक डोळा मिटून बघितलं.

साठ एमबी.

आत फक्त किल्ल्या. फोल्डर नाही, फोटो नाहीत.

मशीन बंद केलं, चालू केलं. इमेज मेमरीत घेतोय... आणि पडद्यावर भराभर ओळी उतरत गेल्या. कपाटं उघडली.

आत्याच्या काचेचा फोटो अडीचच्या सुमाराला गेला. उत्तर यायला साडेतीन वाजले. तोवर चिमी मोरीत उभी राहून हात धूत होती. साबणाची वडी संपली तरी धूत होती.

साधा पू. बाकी काही नाही.

संध्याकाळी आत्याचा फोन आला. भुलीच्या गुंगीत. “चिमे, बोटं हलतायत गं! पाचही आहेत. मोजली मी.”

चिमी त्या दिवसात पहिल्यांदा रडली.

दुसऱ्या दिवशी तिने बरणीतल्या तुकड्याची काच करून घेतली. काप घेणारी मुलगी मध्येच सुरी टाकून बाहेर गेली. उरलेला काप चिमीने स्वतः घेतला. फोटो पाठवला.

डॉक्टरांचा रिपोर्ट आला नाही. आधी फोन आला.

“ही बरणी कधीची म्हणालात?”

“सहा वर्षांपूर्वीची.”

“गंमत करताय का? मी पेशी बघतोय. वाढतायत त्या. हा तुकडा आज सकाळी माणसातून काढलाय.”

चिमीने फक्त बरणीचा नंबर पुन्हा सांगितला.

“बरं, ते असू दे. पण नीट ऐका,” डॉक्टर म्हणाले. “हा आजार घराण्यात उतरतो. या बाईंना मुलं असतील तर त्यांना आधी तपासायला सांगा. वेळेत कळलं तर बरा होतो. कळलंच नाही, तर नाही.”

रिपोर्ट गुरुवारी दुपारी छापून हातात आला. पत्ता नव्हता, पण गल्ली माहीत होती. निघायचं म्हणून चिमी उठलीही. तेवढ्यात आत्याला घरी सोडत असल्याचा निरोप आला. मग औषधं, रिक्षा, जिने. रिपोर्ट टेबलाच्या खणात राहिला. एक दिवसाने काय होतंय, असं तिला वाटलं.

उद्या देऊ.

शुक्रवारी सकाळी ती लॅबमध्ये आली. बरणी मंगळवारीच रीतसर जाळायला पाठवली होती. मागची मांडणी घासून पुसून कोरडी. कीबोर्ड नवा.

तिने सवयीने इमेजचं वजन बघितलं.

नव्वद एमबी.

बघता बघता आकडा बदलला.

एकशेदहा...

आणि गोडसर वासाची एक बारीक झुळूक आली. बंद खणातून.

चिमीने खण उघडला. पाकीट होतं तसंच होतं. फक्त कडेला तेलकट डाग पडला होता, आणि पाकीट थोडंसं फुगलं होतं. तिने आत बघितलं नाही. उचलून पिशवीत टाकलं.

“ताई, आत्ताच तर आलात. एवढ्या उन्हात कुठे निघालात?” मामांनी विचारलं.

“येते जाऊन.”

पिशवी कोमट लागत होती. तिने ती अंगापासून दूर धरली नाही. जिना उतरून रस्त्यावर आली, समोरून जाणाऱ्या गाड्या थांबायची वाट बघितली, आणि इस्त्रीचं दुकान कोणतं ते विचारत विचारत पुलाकडे चालू लागली.